नियमित तपासणी आणि आपले आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सव्वीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायच्या टेबलाशी काम केलं. आता निवृत्त आहे, पण ओळखीपाळखीतून रिपोर्टचे फोटो अजून येतात आणि त्यासोबत तेच तेच प्रश्न. ते इथे एकत्र केले आहेत. कोणतं औषध, किती, कधी बंद करायचं हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. मी बोलणार आहे ते नीट मोजणं, नीट वाचणं आणि जपून ठेवणं याबद्दल. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे प्रौढांचे आहेत. गरोदर बाईसाठी प्रश्न १४ पाहा.

१. मला काहीच त्रास होत नाही. मग तपासण्या कशाला?

त्रास होत नाही म्हणूनच. वाढलेलं बीपी दुखत नाही. उपाशीपोटी शुगर १५० असलेला माणूस रोजची कामं करत असतो. मूत्रपिंडाचं बरंच नुकसान होईपर्यंत पायावर सूजसुद्धा येत नाही. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशभराचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. उंबरठ्यावर असलेल्याला ते मोजल्याशिवाय कळत नाही आणि परत फिरायची सर्वात चांगली संधी तिथेच असते.

दुसरं म्हणजे, धडधाकट असतानाचे आकडे हा तुमचा पाया. पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडून बघता येतो. याचं उदाहरण प्रश्न ९ मध्ये आहे.

२. ऐंशी-नव्वद टेस्टचं फुल बॉडी पॅकेज स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

मी घेणार नाही आणि घरच्यांनाही घेऊ देत नाही. तक्रार नसलेल्या प्रौढ माणसाला एवढं पुरतं: बीपी, वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटीची शुगर किंवा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा गोषवारा), लिपिड प्रोफाइल (रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), लघवीची साधी तपासणी आणि हिमोग्लोबिन. पूर्ण शाकाहारी असाल किंवा मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्व बघून घ्या. थायरॉइड लक्षणं असतील किंवा घरात कुणाला असेल तर.

पॅकेजमध्ये ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरशी जोडलेल्या रक्ताच्या तपासण्या, घातलेले असतात, ते मला सगळ्यात खटकतात. अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेल्या सीए-१२५ चंच उदाहरण बघा. पाळीच्या दिवसांत, गर्भाशयातल्या गाठींमुळे, पोटातल्या सुजेमुळेही तो वाढतो. तक्रार नसलेल्या बाईत कॅन्सर शोधायला तो उपयोगाचा नाही. पण आकडा लाल दिसला की सोनोग्राफी, सीटी स्कॅन आणि महिनाभर झोप नाही. ही घालमेल मी टेबलापलीकडून कितीदा पाहिली आहे.

३. कोणती तपासणी किती दिवसांनी करायची?

बीपी आणि वजन वर्षातून एकदा तरी, तिशीनंतर नक्कीच. शुगर तिशीनंतर दर एक ते तीन वर्षांनी. उंबरठ्यावर असाल तर दरवर्षी. लिपिड नॉर्मल असेल आणि इतर धोका नसेल तर दरवर्षी करायची गरज नाही, चार-पाच वर्षांनी चालतं. मधुमेह असेल तर गणित बदलतं: एचबीए१सी दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, पायांची तपासणी, क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन. ही लघवीची तपासणी लोक सर्रास टाळतात. मूत्रपिंडाचं दुखणं क्रिएटिनिन वाढायच्या आधी तिथे दिसतं, म्हणून ती टाळू नका.

४. उपाशीपोटी म्हणजे किती तास? चहा चालतो का? आणि उपवासाचं?

रात्रीच्या जेवणानंतर आठ ते बारा तास. साधं पाणी चालतं, उलट प्यावंच. शीर नीट सापडते. चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नाही, कारण त्यात दूध असतं.

आता उपवासाचं. एकादशीला सकाळी एक आजी आल्या. विचारलं, "काही खाल्लंय का?" "नाही गं, उपवास आहे." सुई काढली तेव्हा म्हणाल्या, "आता घरी जाऊन पुन्हा थोडी खिचडी घेते." साबुदाण्याची वाटीभर खिचडी आणि एक केळं पोटात होतं! उपवास आणि उपाशी हे दोन वेगळे शब्द आहेत. तेव्हापासून मी "सकाळपासून पाण्याशिवाय तोंडात काय गेलं?" असंच विचारत आले. मिश्री, तंबाखू, विडी यांनाही हाच नियम लावा.

बारा तासांहून जास्त ताणण्यात मात्र काही फायदा नाही. मधुमेहाच्या माणसाने तर तसं करूच नये, शुगर खाली जाऊ शकते. एचबीए१सी, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनसाठी उपाशी असायची गरज नसते. लिपिडसाठीही पुष्कळदा नसते, पण ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) ४०० च्या वर आले तर उपाशीपोटी पुन्हा करावं लागतं.

५. रोजच्या गोळ्या त्या दिवशी सकाळी घ्यायच्या की नाही?

बीपीची गोळी नेहमीच्या वेळी पाण्याबरोबर घ्यायची. ती चुकवून आलात तर तुमचं खरं बीपी कळतच नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन उपाशीपोटीचं रक्त दिल्यावर, नाश्त्याबरोबर. थायरॉइडची गोळी रक्त दिल्यानंतर.

जेवणानंतरची शुगर, म्हणजे पीपी, देताना बरेच जण चुकतात. मधुमेह आधीच असेल तर त्या दिवशीही नेहमीचंच जेवण जेवायचं आणि नेहमीचीच गोळी घ्यायची. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. "आज टेस्ट आहे म्हणून भात सोडला" असं करून आणलेला आकडा तुमच्या डॉक्टरांच्या काही कामाचा नाही.

६. दवाखान्यात बीपी १५० येतं आणि घरी १२५. खरं कोणतं?

दोन्ही खरी असू शकतात. दवाखान्याच्या ताणाने काहींचं बीपी चढतं. काहींचं उलट असतं, दवाखान्यात ठीक आणि घरी किंवा कामावर वाढलेलं. हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण त्याची कुणाला शंकाच येत नाही. म्हणून घरची नोंद महत्त्वाची. दवाखान्यात १४०/९० पासून वाढलेलं समजतात, घरच्या सरासरीला ती रेषा १३५/८५ आहे. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी २०१७ साली १३०/८० ची रेषा आखली, त्यामुळे इंटरनेटवर वेगवेगळे आकडे दिसतात. तुमच्यासाठी कोणती रेषा धरायची ते डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारून घ्या.

७. मग घरी बीपी मोजायची बरोबर पद्धत कोणती?

मनगटाचं नको, दंडावर बांधायचं मशीन घ्या. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी जास्त दिसतं. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून खुर्चीवर पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक टाकलेले नकोत. बाही गुंडाळून दंड आवळू नका, ती मोकळी काढा. हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीत. मोजताना बोलायचं नाही आणि टीव्ही बंद.

मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. डॉक्टरांना दाखवायचं असेल तेव्हा सलग सात दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी असं करा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. अगदी पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे कायम धरा. नाडी अनियमित असेल तर घरच्या मशीनवर विसंबू नका.

८. रिपोर्टमध्ये दोन आकडे ठळक छापलेत आणि बाण आहे. घाबरायचं का?

आधी बाण का येतो ते समजून घ्या. बहुतेक तपासण्यांची छापलेली मर्यादा निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे १०० निरोगी माणसांतल्या ५ जणांचा आकडा बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर पडायची शक्यता ६४ टक्के होते. म्हणून मर्यादेच्या जरासा बाहेर गेलेला एकटा आकडा पुन्हा तपासायचा असतो. मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट असेल, किंवा मागच्या वेळेपेक्षा एकदम उडी असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

शुगर आणि कोलेस्टेरॉलच्या मर्यादा अशा ठरत नाहीत. त्या धोक्यावरून आखलेल्या असतात, म्हणून तिथे "थोडंच तर जास्त आहे" म्हणून सोडून देऊ नका.

९. सगळं नॉर्मल आलं. आता जुने रिपोर्ट टाकून देऊ?

कृपा करून नको. माझ्या मावसबहिणीचं क्रिएटिनिन ४६ व्या वर्षी ०.७ होतं, ४९ व्या वर्षी ०.९ आणि ५२ व्या वर्षी १.१. छापलेली मर्यादा तिन्ही वेळा ०.६ ते १.१. तिन्ही रिपोर्ट नॉर्मल, कुठेच बाण नाही. एका दिवाळीत तिच्याकडे गेले असता तिने फाइल पुढे केली आणि मी तिन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडले. वय धरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढली तर आकडे येतात साधारण १०८, ७८ आणि ६०. सहा वर्षांत जवळजवळ निम्म्यावर! गुडघ्यासाठी ती दोन वर्षं रोज दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेत होती, आणि बीपी कधी मोजलंच नव्हतं. डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, बीपीवर उपचार सुरू केले आणि पुढच्या वर्षी आकडा १.० वर थांबला.

एकेकटा कागद जे सांगत नव्हता ते तीन कागदांनी मिळून सांगितलं. छापलेली मर्यादा सगळ्यांसाठी असते, तुमची स्वतःची रेषा तुमच्या जुन्या रिपोर्टमध्ये असते. ६० च्या खालचा ईजीएफआर तीन महिने टिकला तर त्याला मूत्रपिंडाचा जुना आजार म्हणतात. ती वेळ यायच्या आधी उतार दिसावा, म्हणून जुने कागद हवेत.

१०. फास्टिंग, पीपी आणि एचबीए१सी यांतलं कोणतं धरायचं?

उपाशीपोटी १०० च्या खाली नॉर्मल, १०० ते १२५ उंबरठा, १२६ पासून मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९ उंबरठा, २०० पासून मधुमेह. एचबीए१सी ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर मधुमेहाचा शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करतात.

एचबीए१सी म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा गोषवारा. आदल्या दिवशी पथ्य पाळून तो बदलत नाही, हे त्याचं बळ. पण तो तांबड्या पेशींवरून मोजतात आणि त्या साधारण १२० दिवस जगतात. हा हिशोब बिघडला की आकडाही बिघडतो. लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन उतरलं असेल तर तो खोटा वाढलेला दिसू शकतो. नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल किंवा सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर खोटा कमी. नंदुरबार, तसंच गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर भागांत सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. तिथल्या माणसाने ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावीच. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगरच धरावी.

११. घरच्या ग्लुकोमीटरवर ११८ आणि लॅबमध्ये १०४. मशीन बिघडलंय का?

बहुधा नाही. शुगर १०० च्या वर असेल तेव्हा चांगल्या ग्लुकोमीटरलाही १५ टक्के फरकाची मुभा आहे. औषध चालू असलेल्या माणसाला रोजचा चढउतार कळायला ते उत्तम, मधुमेह आहे की नाही हे ठरवायला नाही. बोट साबणाने धुऊन कोरडं करा. आंबा कापलेल्या हाताने थेंब घेतला तर आंब्याची साखरही मोजली जाते. पट्ट्यांची मुदत बघा आणि डबी उघडी ठेवू नका.

चूक लॅबच्या बाजूनेही होऊ शकते. रक्त बाहेर काढल्यावरही पेशी त्यातली साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्क्यांनी आकडा घसरतो. म्हणून शुगरचं रक्त राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. तिच्यातलं फ्लोराइड ही घसरण आटोक्यात ठेवतं. घरी रक्त न्यायला येणाऱ्या मुलाला "राखाडी ट्यूब आणलीस ना, आणि लॅबला कधी पोचवणार?" असं बिनधास्त विचारा. आणि शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये जा. रिपोर्टवर एनएबीएलची, म्हणजे लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का बघा.

१२. माझं वजन अगदी योग्य आहे, फक्त पोट सुटलंय. चालेल ना?

आपल्याकडे हेच तर चालत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयात आयुष्य घातलं आहे. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या इंग्रज सहकाऱ्याचा, जॉन युडकिन यांचा, शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी. भारतीयांसाठी बीएमआयची रेषा म्हणूनच खाली आहे: २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा. घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा.

घेर पँटच्या मापावरून सांगू नका, पँट पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडा आणि पोट आत न ओढता मोजा.

१३. कोलेस्टेरॉलमध्ये एवढे आकडे का? कोणता बघू?

एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आणि त्यासोबत ट्रायग्लिसराइड. बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल मोजलेलं नसतं, हिशोबाने काढलेलं असतं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. एकूण २१०, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १८० असेल तर २१० वजा ४२ वजा ३६, म्हणजे १३२. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असले की हे गणित लागू पडत नाही. ट्रायग्लिसराइड आदल्या दिवशीच्या जेवणाने आणि दारूने खूप हलतात, त्यामुळे लग्नाच्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी लिपिड देऊ नका. तापातून किंवा ऑपरेशनमधून नुकते उठला असाल तर दीड-दोन महिने थांबा. एलडीएल किती हवं हे माणसागणिक बदलतं. हृदयविकार होऊन गेलेल्याला "नॉर्मल" पुरत नाही, त्याला बरंच खाली हवं असतं.

१४. मुलगी गरोदर आहे. तिला हेच आकडे लागू आहेत का?

नाहीत. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं तर तिला रक्तक्षय आहे असं म्हणतात. एरवी बायकांत ही रेषा १२ आणि पुरुषांत १३. शुगरची सरकारी पद्धतही वेगळी आहे: जेवलेली असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि दोन तासांनी मोजायचं. १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. बाळंतपणानंतर शुगर उतरली तरी पुढे तिने दर एक ते तीन वर्षांनी तपासत राहायचं. हे बहुतेक घरांत बाळाच्या गडबडीत राहून जातं.

१५. थायरॉइडचा आकडा एकदम बदलला, गोळी तर तीच आहे. असं कसं?

केसांसाठी बायोटिनच्या (एका जीवनसत्त्वाच्या) गोळ्या चालू आहेत का, हे आधी आठवा. बायोटिनमुळे काही मशीनवर टीएसएच, म्हणजे थायरॉइडचा नेहमी बघतात तो आकडा, खोटं कमी दिसतं. रक्त द्यायच्या दोन दिवस आधी त्या थांबवा आणि लॅबला सांगा. थायरॉइडची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही. डोस बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आत टीएसएच करू नका, त्याला स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

१६. सासरे ७८ वर्षांचे. बीपी उत्तम, तरी उठताना चक्कर येते.

बसून मोजलेलं बीपी उत्तम असेल, उभं राहिल्यावरचं मोजलंत का? पाच मिनिटं आडवं करून मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा. गोळ्यांचा डोस किंवा वेळ बदलावी लागू शकते. मोजताना शेजारी कुणीतरी उभं राहा.

या वयात वजन कमी होणं ही चांगली बातमी समजू नका. सहा महिन्यांत काही न करता ६० किलोचे ५७ झाले तर दाखवा. स्नायू झडलेल्या माणसाचं क्रिएटिनिन कमी दिसतं, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर निर्धास्त राहू नका.

१७. मुलाने लंडनहून रिपोर्ट पाठवला. शुगर ५.६! एवढी कमी?

कमी नाही, एकक वेगळं आहे. तिकडे मिलिमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलिग्रॅममध्ये. शुगरला १८ ने गुणा: ५.६ म्हणजे सुमारे १००, ७ म्हणजे १२६. कोलेस्टेरॉलला ३८.७ ने गुणा, ५.२ म्हणजे सुमारे २००. क्रिएटिनिनला ८८.४ ने भागा. एचबीए१सी ४८ लिहिलेलं दिसलं तर ते आपलं ६.५ टक्के. अमेरिकेतले आकडे आपल्यासारखेच असतात.

१८. एवढा खर्च झेपत नाही. फुकट कुठे होतं?

तिशीपुढच्या प्रत्येकाची बीपी आणि शुगरची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे पूर्वीच्या उपकेंद्रात, जा. गावच्या आशाताईंना वार विचारून घ्या. तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणीही तिथे होते. बायकांनी संकोच न करता ती करून घ्यावी. नोकरदारांनी आयकराची जुनी पद्धत घेतली असेल तर विम्याच्या सवलतीच्या मर्यादेतच तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत दाखवता येतात, रोख दिले असले तरी.

१९. नोंद कुठे ठेवू? वही की मोबाइल?

जी तुम्ही खरंच भराल ती. मी शंभर पानी वही वापरते. माणशी एक पान, वर तपासण्यांची नावं आणि खाली तारखा, म्हणजे बोट वरून खाली नेलं की उतार-चढ दिसतो. आकड्याशेजारी चार शब्द लिहा: "ताप होता", "गोळी चुकली", "नवी लॅब". सहा महिन्यांनी आकडा तसा का आला हे त्या चार शब्दांवरून कळतं. थर्मल कागदावरची अक्षरं उडतात, त्यामुळे ईसीजीचा फोटो काढून ठेवा. सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा १४ आकडी आभा क्रमांक काढला तर रिपोर्ट त्याला जोडता येतात, पण वहीतलं पान चालूच ठेवा.

२०. कोणता आकडा आला तर वाट बघायचीच नाही?

बीपी १८०/१२० च्या वर आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं किंवा नजर धूसर होणं, यांतलं काहीही. लक्षणं नसतील तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा आणि तरी तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीच घालू नका. शुगर ३०० च्या वर आणि उलट्या, धाप किंवा गुंगी असेल तर घरी थांबू नका. लक्षणं दिसत असताना पुन्हा पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.